रोटरी स्पोर्ट्स कारचं खरं ॲव्हरेज: नव्या मालकांसाठी मार्गदर्शक

रोटरी इंजिनाची, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारी गाडी घ्यायचं मनात आलं की दोन टोकांचे सल्ले मिळतात. कुणी म्हणतं, ही गाडी पेट्रोल पीत नाही, ढोसते. तिच्या वाटेला जाऊ नका. कुणी म्हणतं, नीट चालवली तर इतर गाड्यांसारखीच आहे. नवख्या माणसाला दोन्हींचा उपयोग नाही, कारण आकडा कुठून आला, कसा मोजला, गाडी कुठल्या अवस्थेत होती, हे दोघंही सांगत नाहीत. या लेखात मी मुख्यतः माझ्दा आरएक्स-८ समोर ठेवली आहे, कारण पहिल्यांदा रोटरी घेणाऱ्यांच्या हाती बहुतेक तीच येते. आरएक्स-७ चा उल्लेख जिथे फरक पडतो तिथे येईल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या गाड्यांचं ॲव्हरेज तुम्ही इंजिन किती वर फिरवता यापेक्षा दोन गोष्टींवर जास्त ठरतं: इंजिन किती वेळ थंड चालतं, आणि इग्निशन (ठिणगी पाडणारी यंत्रणा) व रोटरच्या कडांवरचे सील किती धडधाकट आहेत. पुढचं सगळं याच दोन गोष्टींभोवती आहे.

पायरी १: '१.३ लिटर' या आकड्याला भुलू नका

आरएक्स-८ च्या कागदपत्रांवर इंजिनाची क्षमता १३०८ सीसी लिहिलेली असते. ते वाचून माणूस छोट्या हॅचबॅकच्या ॲव्हरेजची अपेक्षा धरतो आणि पहिल्याच टाकीला हिरमुसतो. हा आकडा कसा येतो ते बघा. दोन रोटर, प्रत्येक रोटरचा एकच कक्ष मोजायचा, ६५४ सीसीचा. पण प्रत्येक रोटरला तीन बाजू आहेत आणि तिन्हींवर काम चालू असतं. रोटर एकदा फिरतो तेव्हा मधला शाफ्ट तीनदा फिरतो. म्हणजे शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक रोटरमागे एक स्फोट होतो. चार स्ट्रोकच्या पिस्टन इंजिनात सिलिंडरमागे एका स्फोटाला शाफ्टचे दोन फेरे लागतात. त्यामुळे हवा ओढण्याच्या हिशेबाने हे १.३ लिटरचं रोटरी २.६ लिटरच्या पिस्टन इंजिनाच्या जोडीला बसतं. तुलना करायचीच तर त्या आकाराच्या इंजिनाशी करा.

तरीही ते त्या पिस्टन इंजिनापेक्षा थोडं जास्त पितं, आणि कारण रचनेतच आहे. रोटरीतला ज्वलनकक्ष लांबट, चपटा आणि सरकता असतो. आकारमानाच्या मानाने त्याच्या भिंतींचा पृष्ठभाग मोठा, म्हणून उष्णता भिंतींत जाते. ज्योत रोटरच्या फिरण्याच्या दिशेने वेगात पसरते, पण मागच्या अरुंद टोकापर्यंत नीट पोचत नाही. तिथलं मिश्रण अर्धवट जळून बाहेर पडतं. प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग दिलेले असतात, पुढचा लीडिंग आणि मागचा ट्रेलिंग, ते याच अडचणीवरचा उपाय म्हणून. सायलेन्सरकडे जाणारा वायू इतका गरम असतो, कारण जी ऊर्जा चाकांकडे जायला हवी होती तिचा बराच भाग तिकडे निघून जातो.

पायरी २: अपेक्षा कुठे धरायची

अमेरिकेच्या ईपीए या सरकारी संस्थेने मॅन्युअल गिअरच्या आरएक्स-८ ला सुरुवातीला शहरात १८ आणि महामार्गावर २४ मैल प्रति गॅलन दिले होते. २००८ च्या मॉडेलांपासून चाचणीची पद्धत बदलली. थंड हवामान, एसी आणि जास्त वेग हिशेबात आले, आणि तीच गाडी १६ व २२ वर उतरली. म्हणजे लिटरला सुमारे ६.८ आणि ९.४ किमी. माझ्या मते हा दुसरा आकडाच प्रामाणिक आहे. निरोगी आरएक्स-८ कडून शहरात ६ ते ७, मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगात ९ ते १० आणि ट्रॅकवर ३ ते ४ किमी धरून चाला. फक्त जवळच्या फेऱ्या मारत असाल तर ६ च्याही खाली यायची तयारी ठेवा.

हे आकडे एकटे वाचले तर घाबरायला होतं, म्हणून त्याच काळातल्या गाड्या शेजारी ठेवतो. २००८ च्या होंडा एस२००० ला त्याच चाचणीत १८ आणि २५ मिळाले. फरक दोन-तीन मैलांचा, दंतकथेत सांगतात तेवढा नाही. खरी बोचणारी तुलना वेगळीच आहे: ६.२ लिटरच्या व्ही-८ इंजिनाची, त्याच वर्षाची मॅन्युअल शेवरोले कॉर्व्हेट शहरात १६ आणि महामार्गावर २६. ताकद जवळपास दुप्पट, शहरात तेवढंच पेट्रोल आणि लांबच्या रस्त्यावर कमी. उंच गिअरमध्ये हळू फिरत राहणं मोठ्या इंजिनाला जमतं, रोटरीला जमत नाही. हे मान्य करूनच गाडी घ्या.

आरएक्स-७ च्या शेवटच्या पिढीची, म्हणजे १३बी-आरईडब्ल्यू या ट्विन टर्बो इंजिनाची गोष्ट अजून वेगळी. टर्बोचं बूस्ट चढलं की इंजिन वाचवण्यासाठी मिश्रण मुद्दाम रिच ठेवलेलं असतं, म्हणजे पेट्रोल जास्त. तिथे ॲव्हरेज पूर्णपणे उजव्या पायावर अवलंबून असतं. शिवाय आज यांतल्या बहुतेक गाड्यांचं ट्यूनिंग बदललेलं असतं, त्यामुळे एकीचा आकडा दुसरीला लावू नका.

पायरी ३: एककं जुळवून घ्या

ही पायरी छोटी आहे, पण तिच्यावाचून निम्मे वाद होतात. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा. तीच गाडी अमेरिकन मालक १८ सांगेल आणि ब्रिटिश मालक २१.६, आणि दोघंही खरं बोलत असतील. अमेरिकन आकड्याला ०.४२५ ने गुणा, ब्रिटिश आकड्याला ०.३५४ ने, की लिटरमागचे किमी मिळतात. युरोपात १०० किमीला किती लिटर असं सांगतात. तिथे १०० ला त्या आकड्याने भागा.

पायरी ४: टाकी ते टाकी मोजा

डॅशबोर्डवरचा इंधनाचा काटा मोजमापासाठी नसतो. पद्धत जुनी आणि खात्रीची आहे. टाकी फुल करा, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथे थांबा, वरून अजून थोडं भरू नका. ट्रिप मीटर शून्यावर आणा. गाडी नेहमीसारखी वापरा. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर पुन्हा पहिल्या 'टक्'पर्यंत भरा. ट्रिप मीटरचे किमी भागिले भरलेले लिटर.

एका टाकीवरून निष्कर्ष काढू नका. नोझल थोडं आधी किंवा नंतर बंद झालं तरी दोन-तीन लिटरचा फरक पडतो, आणि साठेक लिटरच्या टाकीत तो दिसून येतो. सलग काही टाक्या मोजा आणि शेवटी एकूण किमीला एकूण लिटरने भागा. प्रत्येक टाकीचं ॲव्हरेज काढून त्यांची सरासरी घेणं चुकीचं आहे. समजा एकदा ३०० किमीला ४० लिटर लागले, दुसऱ्यांदा ३०० किमीला ३० लिटर. टाकीनिहाय आकडे ७.५ आणि १०, त्यांची सरासरी ८.७५. पण खरा हिशेब ६०० किमीला ७० लिटर, म्हणजे ८.५७. फरक छोटा आहे, पण अंतर सारखं असेल तर तो प्रत्येक वेळी तुमच्या बाजूनेच झुकतो.

वहीत प्रत्येक टाकीसमोर एक शब्द लिहून ठेवा: शहर, महामार्ग, ट्रॅक, छोट्या फेऱ्या. हे न लिहिता ठेवलेल्या आकड्यांवरून गाडी आजारी आहे की वापर बदलला आहे, हे नंतर सांगता येत नाही. टायरचा आकार बदलला असेल तर तेही नोंदवा. परीघ ३ टक्के मोठा झाला तर ओडोमीटर तेवढं अंतर कमी दाखवतो आणि ॲव्हरेज विनाकारण पडल्यासारखं वाटतं.

पायरी ५: सगळ्यात वाईट किमी आधी सुधारा

लिटरमागे किमी हे माप एका बाबतीत फसवं आहे. ६ वरून ७ वर जाणं आणि १० वरून ११ वर जाणं सारखंच वाटतं. पण १०० किमीसाठी लागणारं पेट्रोल काढा: ६ चे ७ केले तर १६.७ ऐवजी १४.३ लिटर, बचत जवळपास २.४ लिटर. १० चे ११ केले तर १० ऐवजी ९.१, बचत ०.९ लिटर. म्हणून महामार्गावरचं आधीच बरं असलेलं ॲव्हरेज अजून ताणत बसण्यापेक्षा सगळ्यात वाईट फेऱ्यांकडे वळा. रोटरीत त्या फेऱ्या म्हणजे थंड इंजिनाच्या छोट्या फेऱ्या.

थंड असताना कुठलंही पेट्रोल इंजिन रिच मिश्रणावर चालतं. रोटरीत कक्षाच्या भिंती मोठ्या आणि थंड, त्यामुळे पेट्रोलचा बराच भाग भिंतींवर चिकटतो आणि कामाला येत नाही. त्यात कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारी जाळी) लवकर तापावा म्हणून सुरुवातीला आयडल, म्हणजे उभ्या गाडीतल्या इंजिनाचा वेग, चढा ठेवलेला असतो. दोन-तीन किमी जाऊन गाडी बंद करायची, पुन्हा थंड झाल्यावर चालू करायची, असं रोज होत असेल तर सगळं ड्रायव्हिंग कौशल्य ओतूनही आकडा हलणार नाही. चार कामं एका फेरीत जोडा. कोपऱ्यावर जायला दुसरं वाहन वापरा. ॲव्हरेज वाढवण्याचा याहून मोठा उपाय मला माहीत नाही, आणि त्याला एकही सुटा भाग लागत नाही.

याच्याशी जोडलेली एक धोक्याची सूचना. थंड आरएक्स-८ चालू करून, थोडी पुढे-मागे करून लगेच बंद करू नका. कक्षात पेट्रोल साचतं, सीलवरचं तेल धुऊन जातं, कॉम्प्रेशन (कक्षातला दाब) पडतं आणि गाडी पुन्हा चालूच होत नाही. याला इंजिन फ्लड होणं म्हणतात. एकदा चालू केली की तापमानाचा काटा नेहमीच्या जागी येईपर्यंत बंद करायची नाही. मात्र तापवण्यासाठी दहा मिनिटं उभी ठेवण्याचीही गरज नाही. आयडल स्थिर झालं की निघा आणि काटा वर येईपर्यंत ३,०००-३,५०० आरपीएमच्या आत, हलक्या पायाने चालवा.

पायरी ६: गाडीची तब्येत तपासा

ॲव्हरेज हळूहळू उतरत असेल तर पहिला संशय प्लगला वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलवर घ्या. आरएक्स-८ मध्ये चार कॉइल आहेत, प्रत्येक प्लगला एक. त्या अचानक मरत नाहीत, अशक्त होत जातात. ठिणगी बारीक पडते, पेट्रोल पूर्ण जळत नाही, आणि चालवणाऱ्याला फक्त एवढंच जाणवतं की पिकअप जरा मंदावलाय. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, आतली जाळी वितळते, वायूची वाट तुंबते, उष्णता मागे इंजिनात साठते आणि शेवटी सील जातात. ॲव्हरेजमधला एक-दीड किमीचा उतार इंजिन उघडण्यापर्यंत नेतो तो असा. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर ॲक्सिलरेटर सोडा आणि जपून घरी या. लांबचा प्रवास पुढे ढकला.

कॉइल आणि प्लग हे झिजणारे भाग समजून ठरलेल्या अंतराने बदलणं शहाणपणाचं. जाणते मालक साधारण ५०,००० किमीचा हिशेब धरतात. लीडिंग आणि ट्रेलिंग प्लग वेगवेगळे असतात, त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका.

पुढे थर्मोस्टॅट, कूलंटची वाट उघड-बंद करणारी झडप. तो उघडाच अडकला तर इंजिन कधी पूर्ण तापत नाही आणि ईसीयू (इंजिनाचा संगणक) जास्त पेट्रोल देत राहतो. आरएक्स-८ चा तापमानाचा काटा एका मोठ्या पट्ट्यात मधोमधच उभा राहतो, त्यामुळे तो बघून हे कळणार नाही. गाडीच्या ओबीडी पोर्टला (तपासणीच्या सॉकेटला) लावायचा साधा स्कॅनर घ्या आणि कूलंटचं खरं तापमान वाचा. पूर्ण तापलेलं इंजिन ८० अंश सेल्सिअसच्या वर राहायला हवं. याच स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम दिसतो, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय तो आकडा. तो शून्याच्या आसपास, ५ टक्क्यांच्या आत असावा. अधिक १० च्या पुढे गेला तर कुठून तरी हवा शिरतेय किंवा एअर फ्लो सेन्सर मळलाय. उणे १० च्या खाली गेला तर पेट्रोल जास्त पडतंय.

एअर फिल्टर, टायरमधली हवा, चाकाला घासणारे ब्रेक यांची तपासणी इतर कुठल्याही गाडीसारखीच.

आणि शेवटी कॉम्प्रेशन. इथे पिस्टन इंजिनाचा साधा गेज चालत नाही, कारण तो तीन बाजूंपैकी सगळ्यात मोठाच आकडा दाखवतो आणि एक बाजू मेलेली असली तरी कळत नाही. रोटरीचा खास टेस्टर तिन्ही बाजूंचे आकडे वेगळे देतो. आरएक्स-८ साठी २५० आरपीएमला ६८० किलोपास्कल ही खालची मर्यादा आहे. निरोगी इंजिन ८३० च्या आसपास असतं. जुनी गाडी विकत घेत असाल तर ही चाचणी झाल्याशिवाय व्यवहार करू नका, विकणारा कितीही गोड बोलला तरी. कॉम्प्रेशन गेलेल्या इंजिनाचं ॲव्हरेज कुठल्याही उपायाने सुधारत नाही.

पायरी ७: चालवण्याची रीत

रोटरीला खालच्या आरपीएमवर ताकद नसते. १,५०० वर उंच गिअर टाकून ॲक्सिलरेटर दाबून धरला तर ती रडतरखडत चालते, पेट्रोल वाचत नाही आणि कार्बन साचतो. सपाट रस्त्यावर हलक्या पायाने २,५०० ते ३,५०० हा पट्टा चांगला. ताकदवान आरएक्स-८ मध्ये इनटेकचे (हवा आत घेण्याचे) दुसरे पोर्ट सुमारे ३,७५० ला उघडतात. त्याखाली इंजिन फक्त पहिल्या, अरुंद पोर्टांवर श्वास घेतं. सुरुवातीच्या सहा गिअरच्या मॉडेलमध्ये सहाव्या गिअरला ताशी १०० किमीवर इंजिन जवळजवळ ३,००० आरपीएमवर असतं, म्हणजे बरोबर या पट्ट्यात. वेग १०० वरून १२० वर नेला की हवेचा रोध ४४ टक्क्यांनी वाढतो. लांबच्या प्रवासात ॲव्हरेज हवं असेल तर हा एकच आकडा लक्षात ठेवला तरी पुरे.

सिग्नल लांबून लाल दिसला की गाडी गिअरमध्येच ठेवून पाय उचला. इंजेक्टर बंद होतात आणि तेवढं अंतर पेट्रोलशिवाय कापलं जातं. न्यूट्रल केलं तर आयडलसाठी पेट्रोल जात राहतं.

आता नवख्यांची सगळ्यात मोठी भीती: वर फिरवलं तर पेट्रोल जाईल. जाईल, पण किती? तापलेल्या इंजिनाने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पाच-सहा सेकंद रेडलाइनपर्यंत (काट्यावरच्या लाल रेषेपर्यंत) खेचलं तर माझ्या अंदाजाने शंभरेक मिलिलिटर. त्या बदल्यात सीलवरचा आणि पोर्टमधला कार्बन मोकळा होतो. 'रोज एकदा रेडलाइन' हा रोटरी मालकांमधला जुना सल्ला मला पटतो, अट एकच: इंजिन पूर्ण तापलेलं हवं. पेट्रोल वाचवण्यासाठी महिनोन्‌महिने ३,००० च्या आत चालवलेली गाडी शेवटी महाग पडते.

पेट्रोलचं ऑक्टेन मात्र हँडबुकात लिहिलंय तेच वापरा. अमेरिकन पंपावरचा आकडा त्याच पेट्रोलच्या युरोपियन आकड्यापेक्षा चार-पाचने कमी असतो, हे लक्षात घेऊनच तुलना करा. बिनटर्बो इंजिनाला त्याहून वरचं पेट्रोल पाजून ॲव्हरेज वाढत नाही. टर्बो आरएक्स-७ ला कमी ऑक्टेन कधीच देऊ नका. तिथे नॉकिंगने (मिश्रण अवेळी पेटल्याने) एपेक्स सील, म्हणजे रोटरच्या टोकांवरचे सील, तुटतात. मिश्रण लीन (पेट्रोल कमी) करून पेट्रोल वाचवण्याचं ट्यूनिंगही टर्बोवर करू नये, कारण वाचलेल्या पेट्रोलपेक्षा नवं इंजिन कितीतरी महाग.

पायरी ८: तेलही हिशेबात धरा

रोटरी इंजिन तेल जाळतं, आणि तसं ते बनवलेलंच आहे. एक छोटा पंप सील ओले राहावेत म्हणून मोजून तेल आत सोडतो. म्हणून दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) बघायची आणि किती तेल घातलं ते त्याच वहीत पेट्रोलशेजारी लिहायचं. गाडीचा खरा धावखर्च या दोन रकान्यांची बेरीज आहे. तेल खूप लागतंय म्हणून नवे मालक काळजी करतात. मला जास्त काळजी वाटते ती तेल अजिबात कमी होत नाही अशा गाडीची, कारण तिथे तो पंप काम करत नसण्याची शक्यता असते.

काही मालक पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोक तेल मिसळतात, लिटरला साधारण ४ ते ८ मिली. सीलच्या आयुष्यासाठी त्यामागे तर्क आहे, पण ॲव्हरेजशी त्याचा संबंध नाही. कुणी तसं सांगून विकत असेल तर घेऊ नका.

थोडा इतिहास, कारण तो या हिशेबाशी जोडलेला आहे. १९६७ च्या कॉस्मो स्पोर्टपासून माझ्दाने रोटरीवर जोर लावला. १९७३ च्या तेलसंकटात ईपीएच्या शहरी चाचणीत तिच्या रोटरी गाड्या गॅलनला १० मैलांच्या आसपास आल्या आणि विक्री कोसळली. कंपनीने रोटरी सोडली नाही. 'फिनिक्स' नावाची योजना आखून इंधनखप ४० टक्क्यांनी सुधारण्याचं लक्ष्य ठेवलं, आणि १९७८ मध्ये आरएक्स-७ आली. २००३ च्या आरएक्स-८ मध्ये एक्झॉस्टचे पोर्ट बाजूच्या भिंतीत गेले, त्यामुळे इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच वेळी उघडे राहणं थांबलं आणि आयडलवरचा खप कमी झाला. म्हणून जुन्या आरएक्स-७ ला सिग्नलवर उभं राहणं आरएक्स-८ पेक्षा महाग पडतं. २०२३ च्या एमएक्स-३० आर-ईव्हीमध्ये ८३० सीसीचा एकच रोटर आहे आणि तो चाकं फिरवत नाही, फक्त जनित्र चालवतो. तिथे त्याला पहिल्या गिअरपासून वर खेचावं लागत नाही.

नवी गाडी हाती आली की पहिल्या महिन्यात एवढं करा: कॉम्प्रेशनचा कागद फाईलला लावा, प्लग आणि कॉइलची तारीख माहीत नसेल तर बदलून टाका, स्कॅनरवर तापमान आणि फ्युएल ट्रिम वाचून वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मग तीन-चार टाक्या काहीही न बदलता मोजा. पुढे ॲव्हरेज एक किमीने जरी उतरलं आणि वापर तोच असेल, तर आधी कॉइल बघा.